हैयान : वाऱ्याच्या तयारीत पाणी विसरलं

फिलिपिन्सच्या वाट्याला दरवर्षी सरासरी वीसेक चक्रीवादळं येतात, त्यामुळे तिथल्या माणसाला वाऱ्याचं फारसं नवल नाही. नोव्हेंबर २०१३ मधलं हैयान (तिथलं नाव योलांडा) लक्षात राहिलं ते पाण्यामुळे.

प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया देशाच्या पोनपेई बेटाच्या परिसरात त्याची सुरुवात झाली. ४ नोव्हेंबरला नाव मिळालं, दुसऱ्या दिवशी ते टायफून (तिकडचं तीव्र चक्रीवादळ) झालं. समुद्र बराच खोलपर्यंत तापलेला होता, आणि वादळ इतकं झपाट्याने पुढे सरकत होतं की खालचं गार पाणी ढवळून वर येऊन त्याचा जोर कमी व्हायलाही सवड नव्हती. वाऱ्याच्या वेगाचा अमेरिकी अंदाज ताशी ३१५ किलोमीटर (एका मिनिटाची सरासरी), जपानी अंदाज २३० (दहा मिनिटांची). दोन्ही आकडे मुख्यतः उपग्रहचित्रांवरून काढलेले. या भागातल्या वादळांत मोजमापासाठी नियमित विमानं पाठवणं अमेरिकेने १९८७ मध्येच बंद केलं. तेव्हा ‘इतिहासातलं सर्वांत जोरदार’ असे मथळे जरा सांभाळूनच वाचावेत.

८ तारखेला पहाटे ४.४० वाजता ते समार बेटावरच्या गिवानला धडकलं, सातच्या सुमारास लेते बेटावर तोलोसाला. ताक्लोबान शहर केंद्राच्या उत्तरेला राहिलं आणि तिथेच घात झाला. केंद्र पूर्वेला होतं तोवर वारा उत्तरेकडून वाहत होता आणि उपसागरातलं पाणी बाहेर लोटत होता. केंद्र पश्चिमेला सरकताच वारा फिरला आणि दक्षिणेकडून वाहू लागला. सान पेद्रो उपसागर नरसाळ्यासारखा, रुंद तोंड दक्षिणेला, निमुळतं टोक ताक्लोबानपाशी. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या समुद्राचं पाच-सहा मीटरचं उधाण थेट वस्तीत घुसलं. अनिबोंग भागात मालवाहू जहाजं घरांवर येऊन पडली. त्यातल्या ‘एव्हा जोसेलिन’चा पुढचा भाग आज स्मारक म्हणून तिथेच उभा आहे.

सरकारी आकड्यांनुसार ६,३०० माणसं गेली, हजारावर बेपत्ता झाली. इशारा मिळाला नव्हता असं नाही. आदल्या संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष अकिनो दूरचित्रवाणीवरून उंच लाटांबद्दल बोलले होते. पण लोकांची तयारी होती वाऱ्याची. पक्क्या इमारतीत शिरलं की झालं, हा हिशेब. निवारा म्हणून निवडलेल्या काही इमारती किनाऱ्याजवळच होत्या आणि त्यांतही पाणी भरलं.

खरं तर या किनाऱ्याची नोंद जुनी आहे. मनिला वेधशाळा जेझुइटांनी (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) १८६५ मध्ये काढली. तिथल्या फेदेरिको फाउरा यांनी १८७९ मध्ये टायफूनचा पहिला इशारा दिला. ऑक्टोबर १८९७ मध्ये याच समार-लेते पट्ट्याला वादळाने आणि समुद्राने झोडपलं, तेव्हा वेधशाळेच्याच होसे आल्गे यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. १९१२ मध्ये ताक्लोबान पुन्हा उद्ध्वस्त झालं. ही माहिती ग्रंथालयात राहिली, किनाऱ्यावर वस्ती वाढत गेली.

हैयाननंतर, २०१५ मध्ये, तिथल्या हवामान खात्याने ‘सुपर टायफून’ हा वर्ग आणि पाचव्या क्रमांकाचा इशारा सुरू केला. हे क्रमांक मात्र अजूनही वाऱ्याच्या वेगावरच ठरतात. उधाणाचा इशारा वेगळा निघतो.