विमानचालन शिक्षण (भारत)

विमानचालन शिक्षण : विमान चालवणे, उड्डाणांचे नियोजन करणे, विमानांची देखभाल करणे आणि आकाशातील वाहतूक सांभाळणे या कामांसाठीचे शिक्षण. भारतात या क्षेत्रात एक भेद आधी समजून घ्यावा लागतो. पदवी विद्यापीठ देते, पण विमान उडवण्याचा अधिकार नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) परवान्यानेच मिळतो. बी.एस्सी. एव्हिएशन झालेल्याला केवळ त्या पदवीच्या जोरावर कॉकपिटमध्ये बसता येत नाही. उलट पदवी नसलेला, पण व्यावसायिक परवाना आणि त्या त्या विमानाचे टाइप रेटिंग (विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता) असलेला उमेदवार बसू शकतो. महाविद्यालयांच्या जाहिरातींत हा फरक बहुधा बारीक अक्षरांत असतो.

इतिहास : भारतात उड्डाण शिकवण्याची सुरुवात महाविद्यालयांनी नव्हे, तर क्लबांनी केली. १९२८ मध्ये दिल्ली, मुंबई अशा शहरांत फ्लाइंग क्लब निघाले. मुंबईचा क्लब जुहूच्या धावपट्टीशी जोडला गेला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढची पाच-साडेपाच दशके वैमानिक घडवण्याचे काम मुख्यतः हे क्लब आणि हवाई दल यांच्यावरच होते. १९८५ मध्ये केंद्र सरकारने उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी स्थापन केली. शेजारीच २०१३ च्या कायद्याने राजीव गांधी राष्ट्रीय विमानन विद्यापीठ आले. हे विद्यापीठ उड्डाणापेक्षा विमानतळ, मालवाहतूक आणि सेवा यांच्या व्यवस्थापनाकडे अधिक झुकलेले आहे. बॉम्बे फ्लाइंग क्लबनेही मुंबई विद्यापीठाशी संलग्न पदवी अभ्यासक्रम चालवला. एकच संस्था परवान्यासाठी उड्डाण शिकवते आणि जोडीला पदवीची सोय करते, अशी घडण आता रुळली आहे.

परवान्याचा मार्ग : सध्याच्या नियमांनुसार बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे. वाणिज्य किंवा कला शाखेची मुले हे दोन विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून नव्याने देतात. वयाच्या सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना, सतराव्या वर्षी खासगी आणि अठराव्या वर्षी व्यावसायिक परवाना (सीपीएल) मिळू शकतो. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, हा जाणकारांचा पहिला सल्ला असतो आणि तो योग्यच आहे. व्यावसायिक परवान्याला वर्ग १ चे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. त्यात अपात्र ठरल्यास पुढचा सारा खर्च पाण्यात जातो.

त्यानंतर डीजीसीएकडून ‘कॉम्प्युटर नंबर’ हा परीक्षार्थीचा ओळख क्रमांक घ्यायचा आणि लेखी परीक्षांना बसायचे. एअर नॅव्हिगेशन (मार्गनिर्धारण), मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र), एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम), टेक्निकल जनरल (विमानाची सर्वसाधारण तांत्रिक माहिती) आणि ज्या विमानावर शिकतो त्याचा टेक्निकल स्पेसिफिक असे पेपर असतात. प्रत्येकात किमान ७० टक्के गुण लागतात. रेडिओवरील संभाषणाचा आरटीआर हा परवाना वेगळा घ्यावा लागतो. तो वर्षानुवर्षे दूरसंचार खात्याच्या अखत्यारीत होता. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाल्यावर हे कामही डीजीसीएकडे आले. आरटीआरच्या तोंडी परीक्षेची धास्ती विद्यार्थ्यांना नॅव्हिगेशनच्या गणितांइतकीच असते.

उड्डाणाचे तास : व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. पूर्वी ही अट २५० तासांची होती. या २०० पैकी १०० तास स्वतः विमानप्रमुख म्हणून उडवलेले हवेत. किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची, एक लांब फेरी करावी लागते आणि तीत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावे लागते. रात्रीचे आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाणही असते. सुरुवात सेस्ना १५२, सेस्ना १७२ किंवा डायमंड डीए४० अशा एक-इंजिनी विमानांवर होते. शिक्षकासोबत सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) मारत, पुन्हा पुन्हा उतरत विद्यार्थी पहिल्या ‘सोलो’पर्यंत, म्हणजे एकट्याने करायच्या उड्डाणापर्यंत, येतो. सोलो करून खाली उतरलेल्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतण्याची प्रथा अनेक क्लबांत आहे. त्या दिवशी कोरडे कपडे सोबत नेणे शहाणपणाचे.

कागदावर हे तास एका वर्षात पुरे होऊ शकतात. प्रत्यक्षात दोन वर्षे लागल्याची उदाहरणे सर्रास सापडतात, कारण पावसाळ्यात ढग खाली असतात, उत्तरेत हिवाळ्यात धुके असते, विमान दुरुस्तीला जाते आणि शिक्षक अपुरे असतात. जुहूसारख्या ठिकाणी तर शेजारच्या मुंबई विमानतळाच्या गर्दीमुळे शिकाऊ विमानाला आकाशच मोकळे मिळत नाही. महाराष्ट्रातील प्रशिक्षण धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी सरकण्यामागे हे मोठे कारण आहे. गोंदियाजवळची बिरसी धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिथे भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था चालते. नागपूर फ्लाइंग क्लबच्या मदतीने ‘महाज्योती’ ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त समाजांतील मुलामुलींना वैमानिक प्रशिक्षण देण्याची योजना राबवते. एअर इंडियाने २०२४ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर स्वतःची प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले.

तासांची नोंद लॉगबुकात होते आणि सगळी भिस्त त्या नोंदीवर असते. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली, तेव्हा काही ठिकाणचे फुगवलेले तासही चर्चेत आले. त्यामुळे संस्था निवडताना इमारतीपेक्षा तिच्याकडे उडण्यायोग्य विमाने किती आणि विद्यार्थी किती, हे विचारणे जास्त उपयोगाचे.

उड्डाण संचालन : वैमानिकाइतके आकर्षण नसलेले, पण जबाबदारीत फारसे मागे नसलेले काम फ्लाइट डिस्पॅचरचे. मार्ग ठरवणे, हवामान आणि विमानतळांविषयीच्या ‘नोटॅम’ सूचना वाचणे, वजनाचा हिशेब आणि इंधनाची आखणी ही कामे तो करतो. टॅक्सीचे (जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाण्याचे), मार्गाचे, अनपेक्षित गरजेचे, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर जेट विमानासाठी ३० मिनिटांचे अंतिम राखीव, असा इंधनाचा थरावर थर हिशेब असतो. जास्तीचे इंधन म्हणजे जास्तीचे वजन आणि वजन वाहण्यासाठी पुन्हा इंधन, म्हणून ‘भरपूर भरा’ हे इथे उत्तर नसते. डिस्पॅचरला विमान कंपनी प्रशिक्षण देते आणि डीजीसीए मान्यता देते. शेजारच्याच टेबलावर वैमानिकांच्या पाळ्या लावणारे बसतात. २०२५ मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, तशी या पाळ्या लावणाऱ्यांची आकडेमोड अधिकच कठीण झाली. बी.बी.ए. एव्हिएशनसारख्या पदव्यांचा खरा उपयोग या बाजूला होतो.

हवाई वाहतूक नियंत्रकांची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. त्यासाठी भौतिकशास्त्र व गणितासह विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, म्हणजे इथे पदवीशिवाय गत्यंतर नाही. निवडलेल्यांचे प्रशिक्षण प्रयागराजचे १९४८ पासूनचे महाविद्यालय, हैदराबाद आणि गोंदिया येथे होते. देखभाल अभियंत्यांना मात्र पुन्हा डीजीसीएचाच परवाना लागतो. यांत्रिक बाजूला बी१ आणि विद्युत-इलेक्ट्रॉनिक बाजूला बी२ हे त्याचे मुख्य वर्ग.

अमेरिकेशी तुलना : अमेरिकेत पदवीचे वजन वेगळे आहे. २००९ मध्ये बफेलोजवळ झालेल्या अपघातानंतर तिथे प्रवासी कंपनीच्या सहवैमानिकालाही १५०० तासांची अट आली, आणि २०१३ पासून ती लागू आहे. मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची चार वर्षांची पदवी घेऊन तिथेच उड्डाण शिकलेल्याला मात्र १००० तास पुरतात. एम्ब्री-रिडल, पर्ड्यू, नॉर्थ डकोटा या विद्यापीठांकडे भारतीय मुले वळतात त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र भारतात परतणाऱ्याला ती सवलत इथे चालत नाही. परदेशी परवाना भारतीय करून घेण्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा आणि उड्डाण चाचण्या द्याव्याच लागतात.

खर्च आणि नोकरी : भारतात व्यावसायिक परवान्यापर्यंत ५० लाख रुपयांच्या आसपास खर्च येतो. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चे टाइप रेटिंग त्यापुढे, आणखी काही लाखांचे. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत (कंपनीने स्वतः उमेदवार निवडून प्रशिक्षण देण्याच्या योजनांत) रक्कम याहून मोठी असते, पण नोकरीचा मार्ग तुलनेने सरळ असतो. स्वतंत्रपणे परवाना घेतलेले अनेकजण दोनशे तासांच्या लॉगबुकासह भरतीची वाट पाहत राहतात, आणि या काळात वैद्यकीय प्रमाणपत्र व रेटिंग चालू ठेवण्याचा खर्च त्यांनाच करावा लागतो. काहीजण शिक्षकाचे रेटिंग घेऊन त्याच संस्थेत शिकवू लागतात. तास वाढतात, थोडे उत्पन्नही होते. कमांडर, म्हणजे विमानप्रमुख, होण्यासाठी लागणारा एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) परवाना १५०० तास आणि वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही.