क्राफ्टिंग, ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळांतील

खेळाडू ज्याची भूमिका घेतो त्या खेळातल्या पात्राने कच्चा माल गोळा करून त्यातून शस्त्रे, चिलखते, औषधे, खाद्यपदार्थ अशा वस्तू घडवण्याच्या पद्धतीला क्राफ्टिंग म्हणतात. लढाईतली लूट आणि दुकानातली खरेदी यांच्याबरोबरचा वस्तू मिळवण्याचा हा तिसरा मार्ग. या नोंदीत भर आहे तो नवख्या खेळाडूला त्यातून काय मिळते, यावर.

उगमाबद्दल एकमत नाही. काही जण तो मजकुरावर चालणाऱ्या ‘मड’ खेळांपर्यंत मागे नेतात. पहिले मड १९७८ च्या सुमारास एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी सुरू केले व रिचर्ड बार्टल यांनी वाढवले. १९८९ च्या ‘टायनीमड’मध्ये तर खेळाडू स्वतः खोल्या आणि वस्तू रचत. मात्र तिथे वर्णन लिहिले की वस्तू तयार होई. कच्चा माल लागत नसे, वस्तू बिघडण्याची भीती नसे; ही बांधणी झाली, घडण नव्हे. दुसरे मत एकट्याने खेळायच्या ‘अल्टिमा’ मालिकेकडे बोट दाखवते. तिच्या १९९२ च्या सातव्या भागात पिठावर पाणी घालून गोळा करता येई आणि तो भट्टीत ठेवला की पाव होई. इथे कच्चा माल आहे, पण पाव भाजून पात्राचे कौशल्य वाढत नाही आणि तो विकत घेणारा दुसरा माणूसही नाही. माल, कौशल्य आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी ठळकपणे एकत्र आल्या त्या सप्टेंबर १९९७ मधील ‘अल्टिमा ऑनलाइन’मध्ये. म्हणून आजच्या अर्थाने क्राफ्टिंगची सुरुवात तिथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्या खेळात प्रत्येक कौशल्याची मर्यादा १०० आणि सर्व कौशल्यांची मिळून ७०० होती. चांगला लोहार व्हायचे तर दुसरे काहीतरी सोडावे लागे. उत्तम उतरलेल्या वस्तूवर घडवणाऱ्याचे नाव राही. शिवाय शस्त्रे वापरून झिजत, त्यामुळे लोहाराकडे लोक पुन्हा येत. हा झिजेचा नियम साधा दिसतो, पण नंतरच्या अनेक खेळांतल्या नवख्या कारागिराचे दुखणे नेमके त्याच्या अभावातून आले आहे. ‘एव्हरक्वेस्ट’ने (१९९९) आणखी एक कठोर प्रथा रुजवली: जोडणी फसली की घातलेला माल गेला.

हे दुखणे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये (२००४) स्पष्ट दिसते. तिथे रेसिपीचे, म्हणजे वस्तू घडवण्याच्या कृतीचे, नाव नारिंगी असेपर्यंत कौशल्याचा गुण हमखास मिळतो. पिवळ्या आणि हिरव्या रंगाला शक्यता घटत जाते, करडा रंग आला की काहीच मिळत नाही. म्हणून नवखा खेळाडू तांब्याचे तेच ते मनगटबंद ओळीने घडवत बसतो. त्याला हवा असतो गुण. मनगटबंद नुसते साचतात. असे सगळ्यांचेच साचले की ऑक्शन हाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसांतल्या बाजारात, घडवलेली वस्तू तिच्यात गेलेल्या तांब्यापेक्षा स्वस्त विकली जाते. त्यातच क्वेस्ट, म्हणजे खेळाने नेमून दिलेली कामगिरी, पुरी केल्यावर तशीच किंवा सरस वस्तू फुकट मिळते. नवख्याची मेहनत खोटी नसते, पण तिचा माल कुणालाच नको असतो.

‘रूनस्केप’च्या (२००१) शिकवणी-बेटावर हे सगळे काही मिनिटांत घडते. खेळाडू तांब्याचे एक आणि कथिलाचे एक खनिज खणतो, भट्टीत वितळवून काशाची कांब करतो आणि ऐरणीवर खंजीर घडवतो. लढाईचा शिक्षक तोच खंजीर हातात धरायला लावतो. स्वतः घडवलेली वस्तू लगेच कामी आली, हा आनंद खरा आहे आणि शिकवण्याची ही रीत उत्तमच म्हणावी लागेल. पण पुढच्याच पायरीला शिक्षक तयार तलवार आणि ढाल देतो, आणि उंदराशी झुंज होते ती त्या तलवारीने.

उपाय अनेक झाले. ‘गिल्ड वॉर्स २’ने (२०१२) क्राफ्टिंगमधून पात्राची लेव्हल वाढू दिली, घटक जुळवून रेसिपी शोधण्याची सोय केली आणि खाणी-झाडे प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी ठेवल्याने गोळा करण्यातली झटापट संपवली. ‘फायनल फँटसी १४’च्या २०१३ च्या नव्या आवृत्तीत आठ हस्तकला हे स्वतंत्र पेशे आहेत. घडवताना वस्तूचा टिकाऊपणा संपण्याआधी काम पुरे करायचे आणि जमेल तितका दर्जा वाढवायचा, असा तो डाव असतो. त्यामुळे एकाच बटणाचा कंटाळा राहत नाही. ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये (२००३) जहाजे कायमची नष्ट होतात आणि दारूगोळा सतत लागतो, म्हणून साध्या मालालाही मागणी असते. नवखे तिथे चुकतात ते हिशेबात: स्वतः खणलेले खनिज ते फुकट धरतात आणि खनिजाच्या भावाहून कमी किमतीत माल विकतात.

या सर्वांत ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’चा (२००३) मार्ग अधिक मूलगामी होता. तिथे प्रत्येक खनिजाचे गुणधर्म वेगळे असत. एखादा साठा काही दिवस राही आणि नाहीसा होई. उत्तम ब्लास्टर (त्या खेळातली बंदूक) घडवणाऱ्या निष्णात कारागिरालाही योग्य धातू शोधून आणणारा कुणीतरी लागे, आणि ते काम नवखा करू शके. त्याची घडण कच्ची असली तरी त्याच्या शोधाला किंमत होती. नोव्हेंबर २००५ च्या मोठ्या फेरबदलाने खेळाचे स्वरूप पालटले आणि डिसेंबर २०११ मध्ये तो बंद झाला.

अलीकडे कल घडवून घेण्याच्या मागणीकडे आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०२२ पासून खेळाडू एकमेकांना असे काम देऊ शकतात. साहजिकच मोठी कामे निष्णातांकडे जातात. २०२४ पासून संगणकाने चालवलेली गिऱ्हाईकेही काम देऊ लागली आहेत.