बंद पडलेली रेल्वे आणि शिकागोच्या उपनगरांतील जोडवाटा

शिकागोच्या पश्चिमेला असलेल्या ड्यूपेज काउंटीत सायकल घेऊन निघालेला माणूस एल्महर्स्ट, व्हिला पार्क, लोम्बार्ड, ग्लेन एलिन ही गावे मागे टाकत व्हीटनला पोहोचतो आणि तिथून फॉक्स नदीकाठच्या ऑरोरा किंवा एल्गिन या शहरांपर्यंत जाऊ शकतो. यातले बहुतेक अंतर मोटारींच्या रस्त्यापासून अलग आहे. चुनखडीचा बारीक चुरा दाबून तयार केलेली ही वाट घरांच्या परसांमागून आणि विजेच्या उंच मनोऱ्यांखालून जवळजवळ सरळ रेषेत जाते. शाखा धरून तिची लांबी सुमारे 60 मैल, म्हणजे 95 किलोमीटरच्या पुढे भरते. ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ हे तिचे नाव. वाट एवढी सरळ आणि सपाट का, याचे उत्तर एका बुडालेल्या रेल्वेत सापडते. या भागातली उद्याने एकमेकांना जोडली गेली, त्याची सुरुवातही तिथेच झाली.

उद्याने मात्र त्याआधीपासून होती. शिकागो शहर चहूबाजूंनी पसरत चालले असताना नद्यांकाठची जंगले वेळीच विकत घेऊन राखली पाहिजेत, असा आग्रह विसाव्या शतकाच्या आरंभी ड्वाइट पर्किन्स हे वास्तुरचनाकार आणि येन्स येन्सन हे उद्यानरचनाकार धरत होते. पुढे राज्याच्या कायद्याने काउंट्यांना त्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्याची आणि कर बसवण्याची मुभा मिळाली. ड्यूपेजचे असे मंडळ 1915 मध्ये स्थापन झाले. गावोगावचे ‘पार्क डिस्ट्रिक्ट’ हा प्रकार यापासून वेगळा. आपल्याकडे महापालिकेचे उद्यान खाते असते. इलिनॉयमध्ये बागांसाठी निराळी निवडून आलेली समिती असते आणि घरपट्टीसारख्या मालमत्ता करात तिचा स्वतःचा वाटा असतो, त्यामुळे गटारे आणि रस्ते यांच्या भांडणात बागेचा पैसा सहसा सापडत नाही. या व्यवस्थेतून जमीन चांगली राखली गेली, पण ती तुकड्यातुकड्यांनी. एका बागेतून दुसऱ्या बागेत जायचे तर मोटार काढावी लागे.

हे तुकडे जोडू शकेल अशी सलग पट्टी 1902 पासून विजेवर धावणाऱ्या एका रेल्वेच्या ताब्यात होती. शिकागो, ऑरोरा अँड एल्गिन या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या मार्गावर डोक्यावरच्या तारांऐवजी बहुतांशी जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून वीज घेतली जाई. व्हीटनला तिचे मोठे यार्ड होते आणि तिथेच मार्गाला दोन फाटे फुटत. उपनगरातला माणूस सकाळी गाडीत बसला की शिकागोच्या ऐन व्यापारी भागात, वेल्स स्ट्रीटच्या स्थानकावर, उतरत असे.

या सोयीवर घाला आला तो मोटारींच्या महामार्गाचा. पुढे आयझेनहॉवर यांचे नाव दिल्या गेलेल्या काँग्रेस एक्स्प्रेसवेच्या बांधकामामुळे सप्टेंबर 1953 पासून या गाड्या शहरात जाऊ शकल्या नाहीत. प्रवाशांना फॉरेस्ट पार्कला उतरून दुसरी गाडी धरावी लागू लागली आणि त्यांतल्या पुष्कळांनी मोटारच जवळ केली. 3 जुलै 1957 रोजी न्यायालयाच्या आदेशाचा आधार मिळताच कंपनीने भर दुपारी, बाराच्या सुमारास, प्रवासी वाहतूक थांबवली. सकाळी त्याच गाडीने कामावर गेलेली माणसे संध्याकाळी परत निघाली तेव्हा त्यांना घरी नेणारी गाडीच नव्हती. रेल्वे बंद पडण्याच्या कथा जगभर आहेत, पण सकाळी नेलेल्या उतारूंना संध्याकाळी आणलेच नाही, असे उदाहरण विरळा. मालवाहतूकही 1959 मध्ये संपली आणि त्यानंतर रूळ उखडले गेले.

मागे उरली ती खडी, मोऱ्या आणि रानगवत माजलेली एक अरुंद पट्टी. त्याच काळात काउंटीची लोकसंख्या 1950 मधल्या सुमारे 1 लाख 55 हजारांवरून 1960 मध्ये 3 लाख 13 हजारांवर गेली होती. शेते भराभर प्लॉटमध्ये बदलत होती, त्यामुळे या पट्टीवर अनेकांचा डोळा असणे स्वाभाविक होते.

लायल येथील मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात निसर्ग शिकवणाऱ्या मे थीलगार्ड वॉट्स यांनी 1963 च्या सप्टेंबरअखेर ‘शिकागो ट्रिब्यून’ला एक पत्र लिहिले. आपण दोन पायांवर चालणारी माणसे आहोत आणि आपल्याला पायवाट हवी, इतक्या साध्या मुद्द्यापासून ते सुरू होते. ब्रिटनमधील सार्वजनिक पायवाटा आणि अमेरिकेतील ॲपलेशियन ट्रेल यांचा दाखला देऊन त्यांनी लिहिले की ही पट्टी आज मोकळी पडली आहे, पण बुलडोझरांच्या तोंडाला तिच्यासाठी पाणी सुटले आहे. वॉट्स तेव्हा सत्तरीच्या घरात होत्या. पत्र वाचून लोक जमले, 1965 मध्ये ना-नफा संस्था नोंदवली गेली आणि पुढच्याच वर्षी काउंटीने आपल्या हद्दीतली पट्टी भाडेपट्ट्याने संस्थेकडे दिली. झाडोरा तोडणे, राडारोडा उचलणे, पाट्या लावणे ही कामे स्वयंसेवकांनी केली. 1971 मध्ये या वाटेला राष्ट्रीय मनोरंजन वाटेचा दर्जा मिळाला.

इथे एक कायद्याचा मुद्दा लक्षात घेतला पाहिजे, कारण अशा वाटांचे भवितव्य झाडांपेक्षा सातबाऱ्यावर अधिक ठरते. अमेरिकेत अनेक ठिकाणी रेल्वे कंपनीकडे जमिनीची मालकी नसून केवळ जाण्यायेण्याचा हक्क असे. रेल्वे कायमची बंद झाली की तो हक्क संपे आणि तुकडे शेजारच्या मालकांकडे परत जात. मधला एक तुकडा जरी गेला तरी सलगपणा मोडतो. 1983 मध्ये राष्ट्रीय वाटांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अशी तरतूद झाली की पुढेमागे रेल्वे पुन्हा सुरू करता यावी म्हणून मार्ग राखून ठेवायचा आणि दरम्यान तिथे वाट करायची. म्हणजे तो मार्ग सोडून दिला असे कायद्याने मानले जात नाही. शेजारच्या मालकांनी याला आव्हान दिले, परंतु 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तरतूद वैध ठरवली, नुकसानभरपाई मागण्याचा मालकांचा मार्ग मात्र खुला ठेवला. प्रेअरी पाथ या साऱ्याच्या आधीची. तिच्या वेळी असा आधार नव्हता.

नव्या वसाहतींमधील बागांचा प्रश्न नेपरव्हिलने वेगळ्या रीतीने सोडवला. घरे बांधणाऱ्याने येणाऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात शाळा आणि बागांसाठी जमीन द्यावी किंवा तिची किंमत भरावी, असा नियम शहराने केला. बांधकाम व्यावसायिक न्यायालयात गेले, पण 1977 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. या भागात आता मराठी घरे बरीच आहेत. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेले आईवडील संध्याकाळी पायात बूट, अंगावर साडी आणि वर जाकीट अशा थाटात या वाटांवर फिरताना दिसतात. गाडी चालवता येत नसलेल्यांना घराबाहेर पडण्याचा तोच एक रस्ता असतो.

प्रेअरी पाथला पुढे फॉक्स नदीकाठची वाट येऊन मिळाली, तर दुसऱ्या एका बंद पडलेल्या रेल्वेवर ग्रेट वेस्टर्न ट्रेल तयार झाली. व्हिला पार्कमध्ये वाटेकडेला ओव्हल्टिनचा जुना कारखाना उभा आहे. त्यात आता लोक राहतात, आणि जवळच्या व्हिला ॲव्हेन्यू स्थानकाच्या इमारतीत गावाचे इतिहास संग्रहालय आहे. पूर्वेकडे मात्र ही वाट अनेक दशके मेवूडच्या फर्स्ट ॲव्हेन्यूपाशीच थांबत आली. तिथून पुढे डेस प्लेन्स नदी लागते आणि पलीकडच्या काठावर फॉरेस्ट पार्क, जिथे 1953 नंतर प्रवाशांना गाडी बदलावी लागत असे.