रॉजर्स, जिमी

रॉजर्स, जिमी : (८ सप्टेंबर १८९७–२६ मे १९३३). अमेरिकन गायक, गीतकार व गिटारवादक. पूर्ण नाव जेम्स चार्ल्स रॉजर्स. ‘सिंगिंग ब्रेकमन’ आणि ‘ब्लू यॉडलर’ ही त्याची बिरुदे जाहिरातींमुळे रूढ झाली. ‘कंट्री संगीताचा (अमेरिकेच्या दक्षिणेतील ग्रामीण गाण्यांतून घडलेल्या लोकप्रिय संगीताचा) जनक’ ही उपाधी मात्र बव्हंशी मरणोत्तर आहे. नॅशव्हिल येथील कंट्री म्यूझिक हॉल ऑफ फेममध्ये १९६१ साली ज्या पहिल्या तिघांची निवड झाली, त्यांत हँक विल्यम्स व फ्रेड रोझ यांच्यासह रॉजर्सचा समावेश होता. त्याची ध्वनिमुद्रणाची सारी कारकीर्द सहा वर्षांहूनही कमी भरते. याच नावाचा, १९५७ च्या सुमारास गाजलेला पॉप गायक वेगळा. दोघांची गल्लत वारंवार होते.

रॉजर्सच्या जन्मस्थळाबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक जुने कोश मिसिसिपी राज्यातील मेरिडियन हे गाव देतात आणि रॉजर्स स्वतःही आयुष्यभर मेरिडियनलाच आपले गाव म्हणत असे. मात्र त्याने सही केलेल्या काही कागदपत्रांत जन्मस्थळ म्हणून गायगर (ॲलाबॅमा) असे लिहिलेले आढळते. गायगर हे त्याच्या आजोबांचे गाव. ते राज्याच्या सीमेपलीकडे असले, तरी मेरिडियनपासून फार लांब नाही. मेरिडियनच्या उत्तरेकडील पाइन स्प्रिंग्ज या वस्तीचेही नाव काही जण घेतात. त्याची पत्नी कॅरी हिने १९३५ साली प्रसिद्ध केलेले चरित्र प्रेमाने लिहिलेले असले, तरी तपशिलांच्या बाबतीत ते जपूनच वापरावे लागते. १९७९ मध्ये निघालेले नोलन पोर्टरफील्डचे चरित्र अधिक साधार आहे. जन्म कुठेही झालेला असो, त्याची जडणघडण मेरिडियनच्या रेल्वे-यार्डात झाली, एवढे निर्विवाद.

वडील ॲरन रॉजर्स हे लोहमार्गाची दुरुस्ती करणाऱ्या टोळीचे मुकादम होते. जिमी सहा-सात वर्षांचा असताना आई वारली आणि पुढे तो नातेवाइकांकडे व वडिलांच्या कामाच्या ठिकाणी आलटून पालटून वाढला. टोळीला पाणी पुरवणारा पोऱ्या म्हणून त्याने रेल्वेत सुरुवात केली. रूळ सरकवताना पहारींच्या ठेक्यावर आफ्रिकी-अमेरिकी मजूर जी गाणी म्हणत, ती त्याच्या कानावर पडली ती याच काळात. पुढे न्यू ऑर्लीन्स अँड नॉर्थईस्टर्न रेलरोडवर तो ब्रेकमन झाला. डबे जोडणे-सोडवणे, सांधे बदलणे, मालगाडीच्या टपावरून चालत जाऊन हातब्रेक आवळणे, असे हे काम. १९२४ मध्ये क्षयाचे निदान झाले आणि हे अंगमेहनतीचे काम हळूहळू सुटले. स्टेला केलीशी झालेला पहिला विवाह अल्पकाळ टिकला. १९२० मध्ये त्याने कॅरी विल्यम्सनशी दुसरा विवाह केला. दोन मुलींपैकी धाकटी तान्हेपणीच दगावली. औषधविक्यांच्या फिरत्या खेळांत तोंडाला काळा रंग फासून नकला करण्याचे काम त्याने याच पडत्या काळात केले. पूर्वीच्या चरित्रकारांनी ही गोष्ट ओझरती उल्लेखून सोडून दिली, तरी त्याच्या गायकीच्या उगमाचा विचार करताना ती टाळता येत नाही.

फुप्फुसांना डोंगरी हवा मानवेल म्हणून १९२७ च्या आरंभी तो नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिलला गेला. तेथील नव्यानेच सुरू झालेल्या नभोवाणी केंद्रावर गाताना ‘टेनेव्हा रॅम्बलर्स’ या वाद्यवृंदाशी त्याची गाठ पडली. त्याच उन्हाळ्यात व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीसाठी गायक शोधत फिरणारा राल्फ पीअर ब्रिस्टल येथे आला. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवर, म्हणजे अक्षरशः सीमेवर, वसलेले आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध राज्याची हद्द जाते. टेनेसीच्या बाजूला टोप्यांच्या एका कंपनीच्या जुन्या इमारतीत पीअरने तात्पुरता स्टुडिओ थाटला आणि २५ जुलै ते ५ ऑगस्ट १९२७ या काळात ध्वनिमुद्रण केले. अर्नेस्ट स्टोनमन या गायकाने आदल्या वर्षी ध्वनिमुद्रिकांवर ३,६०० डॉलर मिळवल्याची बातमी स्थानिक पत्रात छापून आली, तेव्हा आसपासच्या खेड्यांतून गाणाऱ्यांची रीघ लागली. कार्टर कुटुंबाने १ व २ ऑगस्टला गाऊन घेतले. रॉजर्सची पाळी ४ ऑगस्टला होती. परंतु आदल्या रात्रीच मुद्रिकेवर नाव कोणाचे छापायचे यावरून वाद होऊन वाद्यवृंद वेगळा झाला. रॉजर्स एकटाच गिटार घेऊन उभा राहिला व त्याने दोन गाणी दिली. मोबदला मिळाला १०० डॉलर. या भांडणामुळे त्याच्या पहिल्याच मुद्रिकेत एकटा आवाज आणि एकटी गिटार हा नमुना आला. १९२५ पासून व्हिक्टरने मायक्रोफोन वापरायला सुरुवात केली होती. कर्ण्यात ओरडून गाण्याची गरज उरली नव्हती. रॉजर्सच्या हलक्या, बोलल्यासारख्या आवाजाला ही पद्धत अनुकूल ठरली.

ब्रिस्टलच्या या सत्राला ‘कंट्री संगीताचा जन्म’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो जपूनच स्वीकारावा, कारण दक्षिणेतील ग्रामीण संगीताच्या मुद्रिका १९२२-२३ पासून बाजारात होत्या. पीअरचा करार अधिक बोलका आहे. त्याने व्हिक्टरकडून पगार न घेता गाण्यांच्या प्रकाशनहक्कांवर कमाई करण्याचे ठरवले होते. जुन्या पारंपरिक गाण्यावर हक्क सांगता येत नाही. त्यामुळे त्याला नवी, निदान नव्याने बांधलेली गाणी हवी असत. रॉजर्सला नोटेशन वाचता येत नव्हते. ही उणीव त्याची मेव्हणी एल्सी मॅक्विल्यम्स हिने भरून काढली. तीसहून अधिक गाण्यांच्या रचनेत तिचा हात आहे, पण सगळीकडे तिचे नाव आले नाही.

पहिल्या मुद्रिकेला बेताचाच प्रतिसाद मिळाला. तेव्हा रॉजर्सने स्वतःहून न्यूयॉर्क गाठले आणि पीअरला फोन केला. ३० नोव्हेंबर १९२७ रोजी न्यू जर्सीतील कॅम्डन येथे, पूर्वी चर्च असलेल्या व्हिक्टरच्या स्टुडिओत, ‘ब्लू यॉडल’ मुद्रित झाले. पुढे ‘टी फॉर टेक्सस’ या नावाने ओळखले जाणारे हे गाणे १९२८ मध्ये बाजारात आले आणि त्याने रॉजर्सचे नशीब पालटले. खपाचा आकडा दहा लाख सांगितला जातो. पाच लाखांच्या आसपासचा अंदाज अधिक विश्वासार्ह वाटतो.

‘ब्लू यॉडल’ मालिकेतील क्रमांकित व इतर मिळून तेरा गाण्यांचा साचा आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या ब्लूज या गीतप्रकाराचा, बारा मात्राखंडांचा आहे : पहिली ओळ दोनदा, मग तिला यमकाने उत्तर देणारी तिसरी. या उत्तराच्या शेवटी रॉजर्स यॉडल जोडतो. यॉडल म्हणजे छातीच्या आवाजातून वरच्या पातळ आवाजात एकदम उडी घेणे व तितक्याच झटक्याने परत येणे. मधला सांधा लपवायचा नाही, उलट ऐकू येऊ द्यायचा. मींड घेऊन स्वर जोडणाऱ्या आपल्या गायकीच्या हे नेमके उलट आहे. तालाच्या बाबतीत रॉजर्स बेशिस्त होता : ओळीच्या शेवटी एखादी मात्रा गाळायची किंवा वाढवायची ही त्याची सवय, आणि साथीदारांची त्यात त्रेधा उडे.

हे यॉडल त्याच्याकडे कुठून आले, यावर बरेच लेखन झाले आहे. सर्वांत लोकप्रिय मत स्विस उगमाचे. आल्प्समधील गायक-कुटुंबे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत दौरे करीत. टायरॉलचे रायनर कुटुंब १८३९ पासून काही वर्षे तेथे होते. रॉजर्सने कुठल्याशा चर्चमध्ये स्विस मंडळींचे गाणे ऐकले, अशी गोष्टही सांगतात, परंतु तिला भक्कम आधार नाही. दुसरे मत आफ्रिकी-अमेरिकी शेतमजुरांच्या हाळ्यांकडे बोट दाखवते. त्यांतही आवाज फोडून वर नेण्याची रीत होती. तिसरे मत मिन्स्ट्रेल रंगभूमीचे, म्हणजे तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांच्या नकला करणाऱ्या खेळांचे. जॉर्जियाचा एमेट मिलर हा काळा रंग फासून गाणारा नट १९२४ पासून मुद्रिकांवर होता व त्याचा आवाज शब्दाच्या मध्येच फुटे. रॉजर्सने त्याचीच नक्कल केली, असे काहींचे म्हणणे. पण मिलर अक्षर चिरतो, तर रॉजर्सचे यॉडल ओळ संपल्यावर शब्दांविना, स्वतंत्र पालुपदासारखे येते. हा फरक बारीक असला, तरी निर्णायक आहे. अंध गायक रायली पकेट यानेही १९२४ मध्ये मुद्रिकेवर यॉडल केले होते. एकंदरीत, आल्प्सचे यॉडल मिन्स्ट्रेल खेळांतून आणि ग्रामोफोनवरून दक्षिणेत आधीच रुळले होते, आणि रॉजर्सने ते ब्लूजच्या साच्यात बसवले, हे मत सयुक्तिक वाटते. शोध त्याचा नव्हे, सांधेजोड त्याची.

त्याच्या सुमारे ११० मुद्रित गाण्यांत आगगाड्या, भटके, तुरुंग, आई, प्रेमभंग असे विषय फिरून फिरून येतात. साथीला मात्र कमालीची विविधता आहे : हवाईयन स्टील गिटार, जॅझचा ताफा, काही वेळा तंतुवाद्ये. १६ जुलै १९३० रोजी हॉलिवुडमध्ये मुद्रित झालेल्या नवव्या ‘ब्लू यॉडल’मध्ये ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचे आणि पियानो त्याची पत्नी लिल हार्डिन हिचा आहे, मुद्रिकेवर दोघांचीही नावे नव्हती. १९२९ मध्ये कोलंबिया या चित्रपटकंपनीने त्याच्यावर एक लघुपट काढला. त्यात रेल्वे कामगाराच्या पोशाखात तो तीन गाणी गातो. त्याला गाताना पाहण्याचे चित्रपटातले साधन एवढेच. १९२८ साली मार्टिन कंपनीने बनवलेल्या त्याच्या गिटारीच्या पट्टीवर त्याचे नाव जडवलेले होते. पाठीवर ‘थँक्स’ ही मोठी अक्षरे होती. टाळ्या पडल्या की तो गिटार उलटी करून दाखवी.

कमाई झाली तशी उधळलीही गेली. टेक्ससमधील केरव्हिल येथे, क्षयरोग्यांना मानवणाऱ्या हवेत, त्याने १९२९ मध्ये मोठे घर बांधले, परंतु दौरे थांबले नाहीत आणि मंदीत मुद्रिकांचा बाजार कोसळल्यावर ते घर सोडून १९३२ मध्ये सॅन अँटोनियोत साध्या घरात जावे लागले. १९३१ मध्ये विनोदकार विल रॉजर्सबरोबर (नाते काही नाही) त्याने रेड क्रॉसच्या मदतनिधीसाठी कार्यक्रम केले. त्याच वर्षी स्वतःच्या क्षयावरच गाणे मुद्रित केले; त्या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन सापडायला अजून बारा वर्षे होती. मे १९३३ मध्ये कुटुंबासाठी पैसा उभा करावा म्हणून तो न्यूयॉर्कला गेला. स्टुडिओत खाट टाकली होती. एका गाण्यानंतर पडून राहायचे, मग पुढचे. २४ मे रोजी शेवटची गाणी झाली आणि २६ मेच्या पहाटे टाफ्ट हॉटेलात फुप्फुसांतील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले. शव आगगाडीने मेरिडियनला नेले.

जीन ऑट्री, अर्नेस्ट टब, हँक स्नो हे कंट्री गायक सुरुवातीला सरळसरळ त्याचे अनुकरण करीत. बिल मन्रोने १९३९ मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या नभोवाणी कार्यक्रमातील पदार्पणासाठी त्याचे आठवे ‘ब्लू यॉडल’च निवडले, तेही दुप्पट वेगाने. शिकागोचा ब्लूज गायक हाउलिन वुल्फ याने आपली प्रसिद्ध आरोळी यॉडल जमेना म्हणून निघाल्याचे सांगितले आहे. केनियातील किप्सिगी लोकांपर्यंत मुद्रिका पोहोचल्या, तेव्हा ‘जिमी रॉजर्स’चे ‘चेमिरोचा’ झाले, आणि आफ्रिकी लोकसंगीताचा संग्राहक ह्यू ट्रेसी याने १९५० मध्ये तेथील मुलींच्या तोंडून टिपलेल्या गाण्यात तो अर्धा माणूस, अर्धा हरिण आहे. अमेरिकन टपाल खात्याने १९७८ मध्ये त्याच्यावर १३ सेंटचे तिकीट काढले.

भारतातही ग्रामोफोन कंपनीने त्याच्या काही ध्वनिमुद्रिका विकल्या. किशोर कुमारने यॉडलिंग उचलले ते रॉजर्स व न्यूझीलंडचा टेक्स मॉर्टन यांच्या मुद्रिकांवरून, आणि त्या त्याच्या थोरल्या भावाच्या संग्रहात होत्या, असे सांगितले जाते. आधार मुख्यतः आठवणींचा आहे. मॉर्टन स्वतः रॉजर्सच्याच वळणाने गाणारा असल्याने दोघांपैकी कोणाचा प्रभाव किती, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न फारसा फलदायी नाही. हिंदी चित्रगीतांत मात्र हे यॉडल ब्लूजपासून पूर्ण सुटे होऊन, नायकाच्या खुशालीची खूण म्हणून रुजले.