गोव्यातील कौटुंबिक हिंसाचाराचे खटले : बचावाचा रोख घराकडे कसा वळला

कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार झाली की गोव्यात पहिली विचारणा अटकेची होते. दुसरी, जरा आवाज उतरवून, घराची. पुढे खटला रेंगाळतो तो बहुधा या दुसऱ्यापायीच. जामिनाचा निकाल काही दिवसांत लागतो, पण घर कोणी सोडायचे याच्या तारखा वर्षानुवर्षे पडत राहतात.

याची मुळे जुनी आहेत. पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली. १९१० च्या पोर्तुगीज घटस्फोट कायद्यात छळ आणि गंभीर अवमान हे घटस्फोटाचे कारण म्हणून आले. छळाची दाद मागायची ती दिवाणी न्यायालयात, अशीच ही चौकट होती. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे तूर्त चालू ठेवले. पुढे भारतीय दंड संहिता आली, कुटुंबाचा आणि वारशाचा कायदा मात्र वेगळाच राहिला. फौजदारी बाजू देशाची आणि घरादाराची बाजू गोव्याची, अशी ही जोडणी आहे.

१९८३ मध्ये दंड संहितेत विवाहितेच्या छळाला शिक्षा देणारे कलम ४९८-अ आले आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा अमलात आला. पहिल्याचा रोख शिक्षेवर, दुसऱ्याचा संरक्षण आणि निवारा देण्यावर. तरी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे लोक हकनाक पैसे घालवतात. २००५ च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागायच्या कलम १२ च्या अर्जात नवरा आरोपी नसतो, प्रतिवादी असतो, आणि त्या अर्जासाठी अटकपूर्व जामीन मागण्याचे काही कारण नसते. संरक्षणाचा आदेश मोडला तरच गुन्हा होतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता घर. कायद्यात शब्द आहे ‘सामायिक घर’. सुनेला तिथे राहण्याचा हक्क आहे आणि तिला तिथून काढता येत नाही. पण सामायिक म्हणायचे कोणते? डिसेंबर २००६ मध्ये, कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने याचा फार अरुंद अर्थ लावला. घर नवऱ्याचे किंवा त्याने भाड्याने घेतलेले हवे, नाहीतर तो ज्याचा सदस्य आहे त्या एकत्र कुटुंबाचे हवे. सासूच्या नावावरच्या घरात सुनेला हक्क नाही. बचावाच्या वकिलांना याहून सोपे हत्यार मिळणे कठीण होते. पुढची जवळजवळ चौदा वर्षे ‘घर आईच्या नावावर आहे’ हे वाक्य लेखी जबाबांतून फिरत राहिले, सोबत घरपट्टीची पावती आणि एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा.

गोव्यात हे वाक्य पहिल्यापासूनच लंगडे होते, असे माझे मत आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथे नवराबायकोची मालमत्ता कम्युनियन पद्धतीने दोघांची होते आणि वारशाने आलेला वाटाही त्यात धरला जातो. सासरे हयात असतील तर मुलाला त्यांच्या घरात केवळ आशा असते, हक्क नाही, आणि तिथे तो बचाव निदान उभा राहत असे. पण सासरे वारले की अर्धे घर सासूचे आणि उरलेले मुलांचे. मुलाच्या वाट्यात सून आपोआप आली. इन्व्हेंटरी, म्हणजे वारशाच्या वाटणीची न्यायालयीन कार्यवाही, निघाली की तिचेही नाव पक्षकारांत येते. सत्तरी किंवा पेडण्यातल्या जुन्या घरांत तर दोन-तीन पिढ्यांची इन्व्हेंटरीच झालेली नसते. कागदावर आजोबांचे नाव, राहणारे तीन भाऊ. अशा घराबद्दल ‘माझे नाही’ म्हणणारा नवरा आपल्याच वाट्यावर पाणी सोडत असे. एका खोलीसाठी केलेला हा युक्तिवाद पुढे वाटणीच्या दाव्यात त्याच्यावरच उलटू शकतो, हे जबाब लिहिताना फारसे कोणाच्या डोक्यात नसे. शिवाय २००६ च्या निकालात एकत्र कुटुंबाचा जो आधार होता, ती हिंदू एकत्र कुटुंबाची कल्पना इथल्या वारसा कायद्यात बसत नाही. हाच कायदा राज्याने पुढे २०१२ च्या अधिनियमात नव्याने मांडला आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला.

१५ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००६ चा अर्थ रद्द केला. घराचा मालक कोणीही असो, सून तिथे कौटुंबिक नात्याने, काहीशा कायमपणे राहत असेल किंवा राहिली असेल तर ते सामायिक. दोन दिवसांच्या मुक्कामाने ते तसे होत नाही. बातम्यांत एवढेच आले. त्याच निकालाचा दुसरा भाग बचावाच्या कामाचा आहे आणि तो कमी वाचला जातो. हा हक्क निरंकुश नाही, वृद्ध सासूसासऱ्यांना शांतपणे राहू देणे हेही न्यायालयाने तोलायचे आहे, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने मालकी ठरत नाही, त्यासाठी दिवाणी दावा खुला आहे. म्हणून आता शहाणा बचाव घर नाकारत नाही. तो तोलामोलाची पर्यायी जागा किंवा तिचे भाडे देऊ करतो. तशी तरतूद २००५ च्या कायद्याच्या कलम १९ मध्येच आहे. सुनेला घराबाहेर काढण्यासाठी ज्येष्ठ नागरिक कायद्याची आडवाट काहींनी धरून पाहिली, पण तेवढ्याने सुनेचा राहण्याचा हक्क पुसता येत नाही, हे डिसेंबर २०२० मध्ये ठरले.

२०१६ मध्ये ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द २००५ च्या कायद्यातल्या प्रतिवादीच्या व्याख्येतून गेले आणि सासू-नणंदाही उघडपणे प्रतिवादी होऊ लागल्या. कोणाही बाईला घराबाहेर काढण्याचा आदेश मात्र देता येत नाही. दूर राहणाऱ्या नणंदेला केवळ नावापुरते गोवले जाते, ही तक्रार मला पोकळ वाटत नाही. विधी सेवा कायद्याने स्त्रीला मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो, मग ती आरोपी का असेना. हे नणंदांना सहसा कोणी सांगत नाही.

अटकेची बाजू थोडक्यात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४९८-अ खालच्या सरसकट अटकेला चाप लावला. २०१७ च्या निकालाने तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायला सांगितले, २०१८ मध्ये त्या समित्या गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये उत्तरेतल्या एका उच्च न्यायालयाच्या तशाच समित्यांना, अटकेआधीच्या दोन महिन्यांच्या थांब्यासकट, सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. हा लंबक अजून स्थिरावलेला दिसत नाही.

१ जुलै २०२४ पासून ४९८-अ च्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमे आली. गोंधळ झाला तो फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यातल्या कलम ४८२ मुळे. गुन्हा रद्द करून घ्यायला वकील ज्या ४८२ चा अर्ज करत, तो आता नव्या प्रक्रिया संहितेच्या ५२८ खाली होतो, आणि त्या संहितेतले ४८२ आहे अटकपूर्व जामिनाचे. त्या तारखेआधीच्या छळाला जुनेच कलम लागते. छळ त्या तारखेच्या आधी आणि नंतरही चालला असेल तर एकाच तक्रारीत दोन्ही कायद्यांची कलमे दिसतात, आणि बचावाची पहिली तारीख कोणती घटना कोणत्या दिवसाची हे लावण्यातच जाते.