कॅम्परव्हॅन की मोटरहोम? स्काय बेटासाठी गाडी ठरवताना

ब्रिटनमध्ये भाड्याची गाडी शोधताना पहिली गफलत शब्दांतच होते. झोपायची सोय असलेल्या कुठल्याही गाडीला आपल्याकडे सर्रास कॅरॅव्हॅन म्हणतात. तिकडे कॅरॅव्हॅन म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचा, इंजिन नसलेला डबा. इंजिन आणि घर एकत्र असेल तर ती कॅम्परव्हॅन किंवा मोटरहोम. या दोन शब्दांमधली सीमा भाड्याने देणारेही काटेकोर पाळत नाहीत, त्यामुळे एकाच गाडीला दोन्ही नावं लावलेली दिसतात. पुण्यात बसून फोटो पाहणाऱ्याला आतला पलंग आणि ओटा दिसतो, बाहेरची रुंदी दिसत नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्काय बेटावर जायचं असेल, तर सगळ्यात आधी रुंदीच विचारायला हवी.

कॅम्परव्हॅन म्हणजे कारखान्यातून आलेली पत्र्याची व्हॅन. तिचा सांगाडा तोच ठेवून आत पलंग, शेगडी, फ्रिज बसवतात. फोक्सवॅगन टी६ कॅलिफोर्निया हे ओळखीचं उदाहरण: लांबी ४.९ मीटर, रुंदी १.९ मीटर, उंची १.९९ मीटर. छत वर उचललं की आत उभं राहता येतं आणि वर आणखी दोघं झोपू शकतात. मोटरहोम, म्हणजे तिकडच्या भाषेत कोचबिल्ट, वेगळ्या पद्धतीने बनतं. फियाट डुकाटोसारख्या गाडीची फक्त केबिन आणि चासी घेऊन तिच्यावर नवा चौकोनी डबा उभा करतात. रुंदी २.२ ते २.३५ मीटर, उंची ३ मीटरच्या आसपास, लांबी बहुधा ६ ते ७.५ मीटर.

या दोघींच्या मधली एक जात आहे, आणि सगळ्यात जास्त घोळ तिच्यामुळेच होतो. उंच छताची, सुमारे ६ मीटर लांबीची डुकाटो व्हॅन, आत संडास-बाथरूमसह. कोणी तिला मोटरहोम म्हणतो, कोणी कॅम्परव्हॅन. तिची रुंदी २.०५ मीटर असते. सोय मोटरहोमच्या जवळची आणि अंग व्हॅनचं, म्हणून आमच्या हिशेबात ती कॅम्परव्हॅनच.

रस्ता किती, गाडी किती

स्काय फार मोठं नाही. क्षेत्रफळ सुमारे १,६५० चौरस किलोमीटर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ८० किलोमीटर, म्हणजे मुंबई-लोणावळ्याएवढं. मुख्य भूमीला जोडणाऱ्या पुलावरून ब्रॉडफर्ड, स्लिगाखन, पोर्ट्री करत उत्तरेला उइगपर्यंत जाणारा ए८७ हा दोन पदरी रस्ता आहे. त्यावर कुठलीही गाडी निवांत चालते. पण लोक ज्यासाठी स्कायला जातात ती बरीच ठिकाणं या रस्त्यावर नाहीत. ब्रॉडफर्ड ते एल्गोल हा सुमारे २३ किलोमीटरचा रस्ता, फेअरी पूल्सकडे नेणारा ग्लेन ब्रिटलचा रस्ता, नीस्ट पॉइंट, स्टाफिनहून क्विरांग चढून उइगला उतरणारा घाट हे सगळे सिंगल ट्रॅक आहेत. एका वेळी एकच गाडी, आणि ठरावीक अंतरावर समोरच्याला वाट द्यायला फुगवटे. त्यांना पासिंग प्लेस म्हणतात.

असा रस्ता अनेक ठिकाणी जेमतेम ३ मीटर असतो. कॅलिफोर्नियाची रुंदी आरशांसह २.३ मीटर होते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून ७० सेंटिमीटर उरतात. कोचबिल्टची रुंदी आरशांसह २.७ मीटरच्या घरात जाते, आणि उरतात ३० सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूला वीतभरसुद्धा नाही. डांबराची कड संपली की पुढे पीट, म्हणजे पाण्याने भिजलेली स्पंजासारखी काळी माती. वरून गवत दिसतं, पण साडेतीन टनांच्या गाडीचं चाक त्यात उतरलं की रुतत जातं. मग ट्रॅक्टर येईपर्यंत दोन्ही दिशांची वाहतूक थांबते.

पासिंग प्लेसचा नियम असा. ती तुमच्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरून थांबायचं. उजव्या हाताला असेल तर रस्ता ओलांडून तिकडे जायचं नाही. तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं, समोरची गाडी फुगवट्यातून वळसा घेऊन निघून जाते. चढावर येणाऱ्याला शक्य तेव्हा आधी वाट द्यायची. आपल्या घाटांत गाडी चालवलेल्यांना ही रीत नवी नाही, आणि तिथेही वाहनं डावीकडूनच चालतात. मागून स्थानिक माणूस घाईत आला असेल तर त्यालाही पासिंग प्लेसवर पुढे जाऊ द्यावं, त्याला कामावर पोचायचं असतं. फोटोसाठी, जेवणासाठी किंवा रात्री झोपायला पासिंग प्लेसमध्ये गाडी लावणं चूकच. गाडी लहान असो की मोठी.

खरी परीक्षा मागे जाताना होते. दोन्ही गाड्या फुगवट्यापासून लांब असल्या तर कोणाला तरी रिव्हर्स घ्यावाच लागतो. कॅम्परव्हॅनच्या मागच्या काचेतून रस्ता दिसतो. कोचबिल्टमध्ये बऱ्याचदा मागे भिंतच असते, फक्त कॅमेरा. शिवाय तिच्या मागच्या चाकांच्याही मागे आलेला भाग दीड-दोन मीटर लांब असू शकतो. पुन्हा पुढे निघताना स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं की हा भाग डावीकडे फूटभर सहज फेकला जातो आणि कुंपणाला किंवा शेजारच्या गाडीला घासतो. मागे जाताना एकाने खाली उतरून आरशात दिसेल असं उभं राहावं, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की चालकाने गाडी थांबवावी.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. दोघं असाल तर अरुंद गाडीच घ्या. चौघं असून कोचबिल्ट लागणारच असेल, तर ती ए८७ वर आणि त्याच्या आसपास ठेवा, आणि एल्गोल, ग्लेन ब्रिटल, क्विरांग तिच्यातून करू नका. पोर्ट्रीहून ट्रॉटर्निशला, म्हणजे क्विरांग ज्यावर आहे त्या उत्तरेच्या द्वीपकल्पाला, वळसा घालणारी बस आहे, ती वापरा.

बेटावर चढताना

१९९५ साली पूल झाला, २००४ च्या अखेरीस त्याचा टोल गेला. दोन्ही गाड्यांना सोपी वाट हीच. फक्त जोराच्या वाऱ्यात उंच वाहनांना पुलावर बंदी किंवा सावधगिरीचा इशारा असतो, आणि ३ मीटर उंचीची कोचबिल्ट उंच वाहनातच मोडते.

दुसरी वाट मॅलेग-आर्माडेल फेरीची. बुकिंगमध्ये लांबी सांगताना मागचा सायकल रॅक धरून सांगायची, कागदावरची नाही. भरती-ओहोटीप्रमाणे फेरीच्या रॅम्पचा उतार बदलतो. तो तीव्र असला की कोचबिल्टचा लांब मागचा भाग टेकतो आणि खाली लटकलेला सांडपाण्याचा पाइप पहिल्यांदा तुटतो. तिसरी वाट ग्लेनेल्ग-काइलरियाची. तिथली छोटी फेरी सहा मोटारी नेते, आणि तिचा फिरता डेक आजही माणसं हाताने फिरवतात. कॅम्परव्हॅनने जरूर जावं. दोन्ही बाजूंचे रस्ते चढाचे आणि अरुंद आहेत, म्हणून कोचबिल्टने हा मोह टाळावा.

रात्र कुठे काढायची: इथे दोघींना एकच नियम

स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करता येतो असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा आणि तंबू ठोकून राहण्याचा हक्क दिला, पण तो पायी, सायकलने किंवा घोड्यावरून येणाऱ्यांना आहे. मोटारवाहन त्यातून वगळलेलं आहे. छोटी कॅम्परव्हॅन तंबूच्या जवळची वाटली, तरी तिला हा हक्क मिळत नाही. जमिनीच्या मालकाची परवानगी हवी, किंवा कॅम्पसाइट. स्लिगाखन, ग्लेनब्रिटल, स्टाफिन, एडिनबेन आणि पोर्ट्रीजवळचं टोरव्हेग इथे कॅम्पसाइट आहेत. उन्हाळ्यात जागा आधी धरून ठेवावी.

संडास, पाणी, वीज

कोचबिल्टमध्ये कॅसेट संडास असतो. बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची सुमारे १८ लिटरची टाकी, दोन माणसांना दोन-तीन दिवस पुरते. कॅम्परव्हॅनमध्ये सुटा संडास मिळतो, त्याची खालची टाकी पुष्कळदा १० लिटरच्या आसपास असते, म्हणजे रोज रिकामी करण्याची तयारी हवी. काही कॅम्परव्हॅनमध्ये तोही नसतो. भाड्याच्या यादीत हे नक्की विचारा.

रिकामी करण्याची जागा एकच: कॅम्पसाइटवरचा केमिकल डिस्पोजल पॉइंट. सार्वजनिक संडासात ओतू नये. बेटावर बऱ्याच ठिकाणी सेप्टिक टँक आहेत, आणि कॅसेटमधलं रसायन त्यातले मैला कुजवणारे जिवाणू मारतं. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाहीतर गचके खात पाणी उसळतं आणि अंगावर उडतं. मग टाकी विसळा, दोनेक लिटर पाणी घाला आणि बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच रसायन टाका. पाणी न घालता रसायन टाकलं तर मैला तळाशी चिकटतो.

पाण्याचा हिशेब असा: कॅलिफोर्नियात ३० लिटर स्वच्छ पाणी आणि ३० लिटर सांडपाणी मावतं. कोचबिल्टमध्ये दोन्ही टाक्या १०० लिटरच्या आसपास असतात. पण १०० लिटर म्हणजे १०० किलो. साध्या मोटारीच्या लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि त्या मर्यादेत गाडी, माणसं, सामान, पाणी सगळं येतं. रिकामी कोचबिल्टच तीन टनांच्या आसपास भरते. चार माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. रोज सकाळी निघताना सांडपाणी पूर्ण सोडा, आणि स्वच्छ पाणी एका दिवसापुरतंच भरा. भारतीय लायसन्स ब्रिटनमध्ये पोचल्यापासून १२ महिने मोटारीसाठी चालतं.

कॅम्पसाइटवरच्या निळ्या सॉकेटवर अँपिअर लिहिलेले असतात, तेवढे वाचा. १० अँपिअर असतील तर २३० व्होल्टवर २,३०० वॉट. दोन हजार वॉटची विजेची किटली आणि हीटर एकदम लावले की ट्रिप होणारच. वायर आधी गाडीला जोडा, नंतर खांबाला. काढताना उलट, आधी खांबाची. २५ मीटरची वायर पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच ठेवून हीटर लावला तर वायर तापून वितळते.

फ्रिजमध्येही फरक आहे. कॅम्परव्हॅनचा बहुधा कॉम्प्रेसरवर, बॅटरीतून चालतो. गाडी तिरकी असली तरी थंड करतो, पण विजेशिवाय दोन दिवसांत बॅटरी उतरवतो. कोचबिल्टचा पुष्कळदा गॅसवरही चालतो. त्याला गाडी सपाट लागते, म्हणून चाकांखाली लेव्हलिंग रॅम्प घालावे लागतात. वारा थेट त्याच्या झरोक्यावर आला तर आतली ज्योत विझते. मग गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून लावायची.

वारा, उजेड आणि मिज

वर उचलायच्या छताच्या बाजू कापडाच्या असतात. जोराच्या वाऱ्यात छत खाली घेऊन तळातच झोपा. छत बंद करताना एक दार किंवा खिडकी उघडी ठेवा. आत अडकलेल्या हवेने कापड फुगून बाहेर येतं आणि सांध्यात चेंगरून फाटतं. ओलं कापड बंद केलं असेल तर त्याच दिवशी वाळवा, नाहीतर बुरशी धरते. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो आणि कापडातून तो आत येतो. लहान मुलांना वर झोपवणार असाल तर डोळ्यांवर बांधायला पट्टी घ्या.

मेअखेर ते सप्टेंबर मिज नावाचे टाचणीच्या टोकाएवढे चावरे कीटक असतात. वारा पडला की, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला, ढगाने येतात. ताशी ११ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असला तर उडत नाहीत. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ते आत शिरतात. बारीक जाळी आहे का, हे गाडी घेतानाच पाहा. मोठं सरकतं दार उघडून स्वयंपाक करायची सवय कॅम्परव्हॅनमध्ये लागते. मिज असतील तेव्हा दार बंद आणि शेगडी आत, म्हणून झरोके मोकळे हवेत. फरशीतली भोकं पिशव्यांनी झाकू नका: गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तिथूनच बाहेर पडतो. थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून ठेवणं किंवा निखाऱ्यांचं भांडं आत घेणं दोन्ही गाड्यांमध्ये जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म बटण दाबून वाजतो का, हे चावी घेतानाच तपासा.

त्याच वेळी एका कागदावर गाडीची उंची, रुंदी आणि लांबी मीटरमध्ये, आणि उंची-रुंदी फूट-इंचांतही लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. तिथल्या पाट्यांवर फूट-इंच असतात: ३.०५ मीटर म्हणजे १० फूट, २.१३ मीटर म्हणजे ७ फूट.