अननस आणि अबाकाशी: एका फळाची दोन पोर्तुगीज नावं

ब्राझीलमधे कोणी म्हणालं की मला आज एक अबाकाशी सोलायचाय, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ त्याच्या गळ्यात एखादं लचांड पडलंय आणि ते निस्तरल्याशिवाय सुटका नाही असा असतो. अबाकाशी म्हणजे अननस. पण मग अननस हा शब्द तर आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला ना, मग हा दुसरा कुठून आला?

दोन्ही शब्द मूळचे पोर्तुगीज नाहीतच, दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांमधले आहेत. नाना म्हणजे हे फळ, त्यावरून अनानास झालं, आणि अबाकाशी तुपीतल्या फळ आणि घमघमणारं अशा दोन शब्दांतून आला. १५०० साली पोर्तुगीज ब्राझीलला पोचले आणि पुढे त्यांच्या जहाजांबरोबर पहिला शब्द जगभर फिरला, आपल्याकडेही आला. जहांगीर बादशहाने तर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की फिरंग्यांच्या बंदरातलं हे फळ आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारोंनी पिकतं! काजूचंही तसंच, फळही तिकडचं आणि शब्दही तुपी, तोही पोर्तुगीजांमार्फत आला. ज्या लोकांनी ही फळं पहिल्यांदा लावली, जोपासली त्यांची आठवण या शब्दांत टिकलीय आणि ती सगळं श्रेय पोर्तुगीजांना देताना विसरली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पोर्तुगालमधे आजही मुख्य शब्द अनानासच, उच्चार साधारण अननाश. अटलांटिकमधल्या पोर्तुगालच्याच अझोर्स बेटांपैकी साओ मिगेलवर संत्र्याच्या बागा रोगाने बसल्यावर १९व्या शतकात काचघरांत अननस लावायला लागले, तिथे मुद्दाम धूर करतात म्हणजे सगळ्या झाडांना एकदम फुलोरा येतो. बाहेरून येणाऱ्या जातींना मात्र तिकडच्या बाजारात अबाकाशी म्हणतात.

ब्राझीलमधे उलट, रोजच्या बोलण्यात अबाकाशीच. काटेरी पानं, खरबरीत साल, डोळे एकेक काढत बसायचं, त्यामुळे कटकटीच्या कामाला हेच नाव चिकटलं असावं असं मला वाटतं. शाक्रिन्या नावाचे तिथले लाडके टीव्ही होस्ट होते, ते तर वाईट गाणाऱ्या स्पर्धकाला अबाकाशी ट्रॉफी द्यायचे. काकडीलासुद्धा तिथे हाच अर्थ आहे, ऑफिसमधे कोणी पेपिनो आला म्हणालं तरी काहीतरी घोळ झालाय असंच समजायचं.